गोदामाच्या दारात आरएफआयडी: कधी आणि कसे सुरू करावे

भिवंडीतल्या एखाद्या गोदामात संध्याकाळी सहाच्या सुमारास गेलात, तर एक दृश्य हमखास दिसेल. टेम्पो भरून उभा असतो, ठाण्याची गर्दी वाढण्याआधी निघायची चालकाला घाई असते, आणि डिस्पॅचचा कारकून हातात चलन घेऊन खोकी तिसऱ्यांदा मोजत असतो, कारण चलनावर १४४ खोकी आहेत आणि मोजणीत १४३ भरतात. अशाच एखाद्या संध्याकाळी मालक ठरवून टाकतो की आता आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारे टॅग, बसवायचे. निर्णय कदाचित बरोबरही असेल, पण तो त्या संध्याकाळी घेऊ नये. हे तंत्र कोणत्या धंद्याला केव्हा परवडते, सुरुवात कोठून करावी आणि पहिल्या वर्षात काय काय तपासावे, हे या लेखात पायरीपायरीने मांडले आहे. बारकोड रोज हाताळणारा, पण आरएफआयडी कधीही न वापरलेला वाचक लिहिताना माझ्यासमोर आहे.

तंत्राची तोंडओळख

मुंबईकरांना हे तंत्र नकळत परिचयाचे झालेले आहे, कारण गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा आरएफआयडी टॅगच आहे. त्यात बॅटरी नसते. रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, अँटेनातून निघणाऱ्या रेडिओ लहरींच्या ऊर्जेवरच टॅगमधली चिप चालू होते, आणि त्याच लहरी किंचित बदलून परत पाठवत आपला क्रमांक कळवते. फास्टॅग आणि गोदामातले टॅग वारंवारतेच्या एकाच पट्ट्यात, म्हणजे यूएचएफमध्ये (अतिउच्च वारंवारतेत), चालतात व काही मीटरांवरून वाचले जातात. मेट्रोचे कार्ड वेगळ्या जातीचे आहे, ते १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि यंत्राला जवळजवळ टेकवावे लागते. दारातून जाणारी खोकी आणि पॅलेट मोजायची असतील तर यूएचएफच लागते, म्हणून पुढचे सर्व विवेचन त्याविषयीच आहे.

बारकोड स्कॅनरला दिसावा लागतो आणि एकेक करून वाचावा लागतो. टॅग खोक्याच्या पलीकडच्या बाजूला असला तरी चालतो, आणि चांगला रीडर एका सेकंदात शेकडो टॅग वाचू शकतो. शिवाय दुकानातला नेहमीचा बारकोड हा अमुक मापाचा शर्ट आहे एवढेच सांगतो, तर टॅग त्या शर्टांपैकी नेमका कोणता नग आहे तेही सांगतो. विक्रेते वेगाचे कौतुक जास्त करतात. माझ्या मते मोल या दुसऱ्या गुणाचे अधिक आहे, कारण कोणते खोके कमी आहे हे कळल्याशिवाय ते कोठे राहिले याचा माग काढता येत नाही.

पहिली पायरी: मोजणीचा नकाशा काढा

कोणाकडूनही दरपत्रक मागवण्यापूर्वी एक आठवडा आपल्याच मालाच्या मागे फिरावे. माल कोठे कोठे हात बदलतो, तेथे तो कोण मोजतो, मोजायला किती वेळ लागतो, आकडा प्रथम कशावर लिहिला जातो आणि टॅलीत किंवा ईआरपीत (धंद्याचा सारा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो किती तासांनी चढतो, हे प्रत्येक ठिकाणी उभे राहून टिपावे. कार्यालयात बसून हा नकाशा काढू नये, कारण तेथे माल कसा जायला हवा हे कळते आणि गोदामात तो कसा जातो हे कळते.

एका तयार कपड्यांच्या वितरकाच्या गोदामात हा नकाशा काढताना मी स्वतः हजर होतो. खोकी वाहतुकीत गहाळ होतात अशी मालकांची पक्की समजूत होती आणि प्रत्येक दारात रीडर बसवण्याची त्यांची तयारीही झाली होती. नकाशात निघाले ते वेगळेच. दुकानांकडून परत आलेला माल माळ्याच्या जिन्याखाली तीन-चार दिवस नोंदीविना पडून राहत होता आणि घाईच्या दिवशी त्यातूनच दुसऱ्या पार्टीला खोकी जात होती. कागदावर तूट दिसत होती, प्रत्यक्षात माल विकला जात होता. परतीच्या मालाची त्याच दिवशी नोंद झालीच पाहिजे, एवढा नियम केल्यावर बहुतेक तूट नाहीशी झाली आणि एकही टॅग विकत घ्यावा लागला नाही.

म्हणून नकाशा पूर्ण झाल्यावर प्रत्येक चुकीसमोर एकच प्रश्न विचारावा: येथे माल मोजला गेला नाही, की मोजूनही नोंदवला गेला नाही? पहिल्या प्रकारच्या चुका टॅगने सुटतात. दुसऱ्या प्रकारच्या चुका शिस्तीने सुटतात, आणि त्या तशाच ठेवून टॅग लावले तर चुकीचे आकडे अधिक वेगाने जमा होतात. एकाच शर्टाचे टॅलीत दोन कोड असणे, बारकोड असूनही अर्धा माल हाताने लिहून पाठवणे, सप्लायर बदलला की मालाचे नाव बदलणे, ही सारी लक्षणे आधी सहा महिने घरची आवराआवर करावी लागेल हेच सांगतात.

दुसरी पायरी: हिशेब मांडा, आणि तो मजुरीवर संपवू नका

समजा, गोदामात रोज ९०० खोकी येतात आणि ९०० जातात. एक खोके फिरवून, बारकोड समोर आणून स्कॅन करायला ८ सेकंद लागतात असे धरले, तर १,८०० स्कॅनना १४,४०० सेकंद, म्हणजे ४ तास लागतात. आता टॅग सहा रुपयांचा धरा. येणाऱ्या प्रत्येक खोक्याला एक, या दराने रोजचा टॅगचा खर्च ५,४०० रुपये होतो. चार तासांच्या मजुरीत एवढी रक्कम निघत नाही, आणि अशा साध्या खोक्यांच्या बाबतीत बहुतेक हिशेब येथेच तुटतो. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण नवख्या माणसापुढे ठेवला जाणारा पहिला तक्ता बहुधा मजुरीच्या बचतीचाच असतो.

खरा हिशेब चुकीच्या मालाचा असतो. त्याच उदाहरणात दर १५० खोक्यांमागे एक खोके चुकीच्या पार्टीला जाते असे समजा, म्हणजे दिवसाला सहा. परतीचे भाडे, डेबिट नोट आणि पुन्हा पाठवणी मिळून प्रत्येकी १,२०० रुपये गेले, तर रोजचे नुकसान ७,२०० रुपये होते. यातल्या तीन चतुर्थांश चुका दारातच अडल्या तर ५,४०० रुपये वाचतात आणि टॅगचा खर्च जेमतेम भरून निघतो. रीडर, अँटेना, सॉफ्टवेअर आणि देखभाल यांचा भार वाचलेल्या मजुरीवर पडतो. स्वतःचे आकडे घालून हा हिशेब वहीवर करून पाहा. माझ्या उदाहरणातले आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत.

नगानिहाय टॅग लावायचा झाला तर गणित बदलते. नऊशे रुपयांचे ४० शर्ट भरलेल्या खोक्यात ३६,००० रुपयांचा माल असतो आणि त्यावर २४० रुपयांचे टॅग लागतात, म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. त्या खर्चात खोके न उघडता आतला प्रत्येक रंग आणि प्रत्येक माप मोजून मिळते. रंग-मापांच्या घोळाने जेरीस आलेला कपड्यांचा आणि चपला-बुटांचा धंदा या तंत्राकडे लवकर वळला, तो याचमुळे. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर सहा रुपयांचा टॅग लावण्याचा प्रश्नच येत नाही.

पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्यांना मी सर्वांत आधी परत येणाऱ्या वस्तूंकडे पाहायला सांगतो: प्लास्टिकचे क्रेट, लोखंडी ट्रॉल्या, पॅलेट, गॅस सिलिंडर. क्रेटवर बसवलेला ६० रुपयांचा टिकाऊ टॅग १५० फेऱ्या टिकला तर एका फेरीला ४० पैसे पडतात. क्रेट आपलाच, दारे आपलीच, सॉफ्टवेअर आपलेच. कोणाही सप्लायरची मनधरणी करावी लागत नाही. कोणत्या ग्राहकाकडे किती क्रेट अडकले आहेत हे महिन्याभरात दिसू लागते, आणि त्यातून झालेली वसुली बहुधा पहिल्या रीडरची किंमत भरून काढते.

गिऱ्हाईक सांगते म्हणून सुरू करायचे असेल तर

जून २००३ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना जानेवारी २००५ पर्यंत पेट्या व पॅलेटवर टॅग लावण्यास सांगितले. त्या वेळी टॅग महाग होते, टॅगचे दुसऱ्या पिढीचे सामायिक मानक तर डिसेंबर २००४ मध्ये मंजूर झाले. अनेक पुरवठादारांनी सोपा मार्ग काढला: माल नेहमीसारखा तयार करायचा आणि ट्रकमध्ये चढवण्याच्या क्षणी टॅग चिकटवून पाठवून द्यायचा. खर्च पूर्ण झाला, पण स्वतःच्या गोदामातली एकही मोजणी त्या टॅगने केली नाही, त्यामुळे पदरात काही पडले नाही. आपल्यावरही तशी सक्ती आली, तर टॅग शेवटच्या दारात लावू नये. तो माल आत येतानाच, किंवा शक्य असल्यास शिवणकाम संपताच लावावा आणि आधी आपल्या उपयोगाला आणावा.

न्हावा शेवामार्गे निर्यात करणाऱ्यांचा आणखी एक गैरसमज होतो. स्वतः सील करून पाठवायच्या कंटेनरला २०१७ पासून आरएफआयडी ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावावे लागते, आणि त्या बंदरात २०१६ पासून कंटेनरना टॅग लावून त्यांचा प्रवास टिपला जातो. त्यामुळे कंटेनर कोठे आहे ते कळते. कंटेनरच्या आत तुमची किती खोकी आहेत हे मात्र तुमच्या दारातच कळायला हवे.

तिसरी पायरी: आपल्या मालाची परीक्षा घ्या

पाणी या लहरी शोषून घेते आणि धातू त्या परतवून लावतो. शाम्पू, फळांचा रस आणि मांस पाण्यामुळे त्रास देतात. वेफर्सच्या चकचकीत पिशव्या, अॅल्युमिनियम फॉइल आणि पत्र्याचे डबे धातूमुळे. गोडेतेल मात्र पाण्याइतके अडत नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या बाटलीतले तेल बरेचदा नीट वाचले जाते आणि पत्र्याच्या डब्यातले तेच तेल फसते. जरीच्या साड्यांबाबत आधीच काही ठरवू नये, चाचणी घेऊनच ठरवावे. धातूवर लावण्यासाठी वेगळे टॅग मिळतात. त्यांची अँटेना पृष्ठभागापासून थोडी उचललेली असते आणि किंमत कागदी टॅगच्या अनेक पट असते.

चाचणी सोपी आहे आणि ती विक्रेत्याच्या वातानुकूलित कार्यालयात न घेता स्वतःच्या गोदामातच घ्यावी. भरलेले एक खोके घ्या, त्याच्या सहा बाजूंवर आणि कडांजवळ मिळून आठ-दहा जागी टॅग लावा आणि हातातल्या रीडरची शक्ती थोडी थोडी कमी करत वाचून पाहा. सर्वांत कमी शक्तीवरही जो टॅग बोलत राहतो, ती त्या मालासाठीची योग्य जागा. बाटल्यांच्या खोक्यात ही जागा बहुधा बाटल्यांच्या मानेशी निघते, कारण तेथे पाण्याऐवजी हवा असते. जागा ठरली की तिचे छायाचित्र काढून पॅकिंगच्या टेबलासमोर लावा. यानंतर वीस खोक्यांचे पॅलेट रचा आणि मधोमध अडकलेली खोकी वाचली जातात का ते पाहा. हीच चाचणी जुलैत पुन्हा घ्या, कारण ओल धरलेला पुठ्ठा आणि दमट कापूस लहरी जास्त खातात आणि हिवाळ्यात उत्तम निघालेली व्यवस्था पावसाळ्यात अडखळू शकते.

चौथी पायरी: पट्टा, मान्यता आणि क्रमांक

भारतात या उपकरणांसाठी २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. आपल्याकडे त्याचा मोठा भाग मोबाइल सेवेकडे आहे. म्हणून परदेशातून कोणी स्वस्तात आणलेला रीडर तसाच लावू नये. रीडर भारतीय पट्ट्यावर बसवलेला आहे आणि त्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता आहे, हे दोन्ही खरेदीपूर्वी लेखी घ्यावे.

टॅगमध्ये कोणता क्रमांक लिहायचा हा प्रश्न नवखे लोक शेवटी ढकलतात आणि नंतर पस्तावतात. मनाला येतील ते आकडे लिहू नयेत. बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून मिळालेला कंपनीचा क्रमांक आपल्याकडे असेल, म्हणजे बारकोड ८९० ने सुरू होत असेल, तर त्याच क्रमांकापुढे प्रत्येक नगाचा अनुक्रमांक जोडून ९६ बिटांचा प्रमाणित ईपीसी (इलेक्ट्रॉनिक प्रॉडक्ट कोड) क्रमांक तयार होतो. त्यात अनुक्रमांकासाठी ३८ बिट असतात, म्हणजे एकाच मालाच्या सुमारे २७,४८८ कोटी नगांना वेगळा क्रमांक देता येतो. जागा पुरणार नाही अशी काळजी करण्याचे कारण नाही. प्रमाणित क्रमांक असला की पुढे मोठे दुकानदार तोच टॅग वाचू शकतात. टॅगच्या लेबलवर बारकोडही छापून घ्या. रीडर बंद पडला किंवा टॅग फुटला तर काम त्यावर चालते.

पाचवी पायरी: एकच दार निवडा आणि ते नीट करा

माझ्या अनुभवात या तंत्राच्या अडचणी टॅग वाचला न जाण्यातून येतात त्यापेक्षा नको तो टॅग वाचला जाण्यातून अधिक येतात. भिवंडीतले गाळे जकातीच्या काळात एकाला एक लागून उभे राहिले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर जकात गेली, गाळे तसेच राहिले. वर पत्र्याचे छप्पर, समोर लोखंडी शटर आणि दोन शटरांमध्ये जेमतेम हातभर भिंत. अशा जागी दोन नंबरच्या शटरवर रीडर लावला की तीन नंबरसमोर नुसती उभी असलेली खोकी दोन नंबरमधून बाहेर गेली अशी नोंद होते, कारण पत्र्यावरून लहरी कोठल्या कोठे पोहोचतात.

यावर उपाय आहेत आणि ते पुढील क्रमाने करावेत. प्रथम रीडरची शक्ती कमी करावी. जास्त शक्ती म्हणजे जास्त चांगले वाचन, ही समजूत सोडून द्यावी. नंतर अँटेना समोरासमोर न ठेवता थोड्या आत आणि खाली वळवाव्यात. तरीही शेजारचे टॅग येत असतील तर दोन शटरांमध्ये तारेची जाळी उभी करून ती जमिनीपर्यंत न्यावी. दाराशी प्रकाशकिरणाचा सेन्सर लावावा, म्हणजे ट्रॉली खरोखर ओलांडत असेल तेवढ्यापुरतेच वाचन सुरू राहील. एक पिवळी रेघ मारून तिच्या दोन मीटर आत माल उभा करायचा नाही हा नियम घालावा. सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे आणि मोडलाही हाच सर्वांत आधी जातो.

येथे मुंबई परिसरात हमखास भेटणारी एक गोष्ट सांगतो. दाराला टेकलेल्या टेम्पोच्या काचेवरचा फास्टॅगही त्याच मानकाचा आणि त्याच पट्ट्याचा असल्याने तुमचा रीडर तो वाचू शकतो. शेवटी एक टॅग जास्त दिसतो आणि १४४ च्या जागी १४५ मोजले जातात. आपल्या क्रमांकांखेरीज बाकी सारे क्रमांक गाळून टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून हवी.

सॉफ्टवेअरविषयी आणखी एवढेच की रीडर एकच टॅग सेकंदाला अनेकदा वाचतो. ती सारी वाचने ईआरपीत ओतायची नसतात. कोणते खोके, कोणत्या दारातून, केव्हा आणि कोणत्या चलनावर गेले, एवढी एक नोंद त्यातून निघायला हवी, आणि वीज किंवा इंटरनेट गेले तर ती रीडरपाशी साठून नंतर पुढे जायला हवी.

सहावी पायरी: दारातली माणसे

चढ-उतार करणाऱ्या माथाडी टोळीला शेवटच्या दिवशी सांगून चालत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या कामाची आणि मजुरीची एक घडी बसलेली आहे, आणि दारात नवे यंत्र आले की आपली मोजदाद सुरू झाली अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मुकादमाला आधी बोलावून ट्रॉली कोणत्या वेगाने न्यायची, मोजणी चलनाशी न जुळल्याने लाल दिवा लागला की कोठे थांबायचे आणि त्यामुळे खोळंबा झाला तर टोळीचे नुकसान कसे होणार नाही, हे स्पष्ट बोलून घ्यावे. ट्रॉली कशी वळवली की मागची खोकी वाचली जात नाहीत, हे मला एका मुकादमानेच दाखवले होते. अभियंते तोवर अँटेनाचे स्क्रू फिरवत होते.

लाल दिवा लागल्यावर निर्णय कोणी घ्यायचा, याचे उत्तर एकाच व्यक्तीच्या नावाने लिहून ठेवावे. नाव नसेल तर पहिल्या घाईच्या संध्याकाळी कोणीतरी इशाऱ्याच्या भोंग्याची वायर काढतो आणि नंतर ती कोणी जोडत नाही.

सातवी पायरी: वेळापत्रक

गणपती ते दिवाळी या काळात काहीही नवे सुरू करू नये. दिवाळीनंतर रीडर बसवावा आणि पहिले सहा आठवडे हाताची मोजणीही चालू ठेवावी. दारातून गेलेल्या दर शंभर खोक्यांपैकी किती वाचली गेली आणि न गेलेली किती गेल्याची नोंद झाली, हे दोन आकडे रोज फळ्यावर लिहावेत. टॅग किती वेळा वाचला गेला हा विक्रेत्याचा आकडा फळ्यावर नको. मार्चच्या स्टॉकमोजणीत हातातला रीडर आणि नेहमीची मोजणी समोरासमोर ठेवता येते, आणि इतकी चांगली परीक्षा वर्षात पुन्हा मिळत नाही. जून-जुलैचा पाऊस अंगावर घेऊनही दोन्ही आकडे टिकले, तर श्रावणात दुसऱ्या दाराची मागणी नोंदवायला हरकत नाही.

सप्लायरला स्वतः टॅग लावून पाठवायला सांगण्याची वेळ त्यानंतर येते. तोवर आपल्या मालाला कोणता टॅग चालतो, तो खोक्यावर नेमका कोठे लावायचा आणि त्यात कोणता क्रमांक लिहायचा, हे आपल्याला एका कागदावर लिहून देता येते, आणि टेबलासमोर लावलेले ते छायाचित्र त्या कागदालाच जोडायचे असते.